सांभाळायला दिलेले कासव



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना प्रांजळपणे सांगितले की, समाजाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात असे माझ्यापाशी काही नाही. मी तीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले. त्यातून जे शहाणपण उरले ते निवृत्तीनंतर घरच्या माणसांनी काढून घेतले. तेव्हा चिटणीस म्हणाले, "ते नको. तुमच्या बहिणीच्या कासवाची हकिगत सांगा." परवा आपण या व्यासपीठावरून चलनवाढीवर ऐकलेत, काल अवकाशयानांवर ऐकलेत, उद्या न्यायसंस्थेवर ऐकणार आहात. त्यांच्या मध्ये आज हे कासव येऊन बसले आहे. ते हळूहळू चालेल, हे आपण गृहीत धरलेच असेल. फक्त ते कुठे जाऊन पोहोचते, तेवढे शेवटपर्यंत पाहावे अशी विनंती आहे.

माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान गेल्या वर्षी मुलाकडे कॅनडात सहा महिन्यांसाठी गेले. आपल्यापैकी पुष्कळांनी अशी पाठवणी केली असेल. विमानतळावर जाण्यापूर्वी दोन दिवस ताईने मला बोलावून घेतले आणि एकेक वस्तू स्वाधीन केली. किल्ल्यांचा जुडगा, पासबुके, विजेच्या बिलाची वही, बाल्कनीतली तुळस. आणि सगळ्यांत शेवटी न्हाणीघरातला एक निळा प्लास्टिकचा टब. टबात वीतभर पाणी होते आणि पाण्यात एक कासव.

"हा बाजीराव," ताई म्हणाली. "याला जीव लावून सांभाळ. एकोणीस वर्षे मी याला कुणाकडे ठेवलेला नाही."

बाजीरावाला मी पूर्वी पाहिलेले नव्हते असे नाही. माझा भाचा पाचवीत असताना कुठल्याशा दुकानातून तो आणला होता, तेव्हा तळहातावर मावत होता. मुलाने नाव ठेवले बाजीराव. एवढ्या मंद प्राण्याला एवढ्या वेगवान पुरुषाचे नाव देण्यात मुलाचा विनोद होता की इतिहासाचे अज्ञान, हे मी तेव्हा विचारले नाही. पुढे मुलगा शिकला, नोकरीला लागला, परदेशी गेला. मुलाचे खेळणे आईकडे राहिले. जे मुलाने टाकले ते आईने उचलले, आणि एकोणीस वर्षांत ते तिसऱ्या माणसासारखे घरात नांदू लागले. संध्याकाळी ताई भाजी निवडायला बसली की ते टबाला नखे घासत आवाज करी. मग ती त्याला बाहेर काढी, आणि ते तिच्या पायांशी येऊन बसे.

जाताना तिने मला एक कागद लिहून दिला. त्यावर होते: सकाळी दुधात कुस्करलेली पोळी, दुपारी गाजर किंवा काकडी, रोज टबातले पाणी बदलणे, थंडीत टबावर गोणपाट. कागद मी स्वयंपाकघरात डकवून ठेवला आणि त्यातले अक्षर न् अक्षर पाळले. मंडळी, दुसऱ्याची ठेव सांभाळणे ही गोष्ट स्वतःची वस्तू सांभाळण्यापेक्षा फार अवघड असते. आपले भांडे फुटले तर हळहळ वाटते. दुसऱ्याचे फुटले तर तोंड दाखवायची चोरी होते. शिवाय भांडे निदान जेवत नाही. हे कासव जेवेना.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आठवा गेला. पोळी टबात फुगून तरंगे आणि बाजीराव मान आत घेऊन बसे. आमची मंडळी म्हणाली, "त्याला ताईंची सवय आहे, येईल वळणावर." मी भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणे तीस वर्षे मुलांना शिकवली आहेत. कासव जसे आपले अवयव सर्व बाजूंनी आवरून घेते तसा जो इंद्रिये विषयांपासून आवरून घेतो, त्याची बुद्धी स्थिर झाली, असा तो दृष्टान्त. तो समजावून सांगताना मी दोन्ही हात पोटाशी घेऊन दाखवत असे आणि मुले हसत असत. पण ते अवयव आवरलेले कासव न्हाणीघरात माझ्यासमोर बसले, तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला की, हे स्थितप्रज्ञ आहे की आजारी आहे? आणि ते ओळखण्याचे कोणतेही साधन माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात नव्हते.

विसाव्या दिवशी त्याच्या नाकपुडीशी बुडबुडा दिसला. मी त्याला टोपलीत घातले आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणजे माझीच एक जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने टोपलीवरचा पंचा काढला, आत पाहिले, आणि विचारले, "सर, याला कशात ठेवता?"

"पाण्यात."

"सर, हे जमिनीवरचे कासव आहे."

मंडळी, कासव म्हणजे पाणी, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले आहे की, एकोणीस वर्षे ताईच्या आणि वीस दिवस माझ्या मनात शंकाही आली नाही. वस्तुतः कासवांची तीन घराणी ध्यानात ठेवावीत. एक समुद्रातले, त्याचे पाय वल्ह्यासारखे असतात. दुसरे नदी-तळ्यातले, त्याच्या बोटांना पडदे असतात. तिसरे जमिनीवरचे, त्याचे पाय हत्तीच्या पायासारखे खांबवजा असतात आणि पाठ घुमटासारखी उंच असते. या तिसऱ्याला पोहता येत नाही. ते खोल पाण्यात बुडते. बाजीरावाचा टब उथळ होता म्हणून तो बुडाला नाही, इतकेच. पण त्याला जी थंडी बाधली ती त्या टबातली.

आणखी पुष्कळ गोष्टी मला त्या अर्ध्या तासात कळल्या. कासवाच्या फासळ्या त्याच्या पाठीच्या कवचाला जोडलेल्या असतात. त्यामुळे आपल्यासारखी त्याची छाती श्वासाबरोबर फुगत नाही, आणि आपल्यासारखा श्वासाचा पडदाही त्याला नसतो. पोटातले आणि पायांच्या मुळाशी असलेले स्नायू हलवून त्याला हवा आतबाहेर करावी लागते. म्हणून त्याला नीट खोकता येत नाही, आणि छातीत कफ झाला की तो तिथेच साठतो. कवच म्हणजे निर्जीव ढाल, असे मी समजत होतो. तेही खोटे. ते जिवंत हाड आहे. त्यात रक्त आहे, त्याला स्पर्श कळतो. हौसेने त्याला रंग फासणारे आणि दोरी ओवण्यासाठी भोक पाडणारे लोक आहेत. त्यांनी हे ऐकून ठेवावे.

बाजीरावाच्या पाठीवर लहान लहान मनोऱ्यांसारखे उंचवटे होते. ताईला ते फार आवडत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या जातीत थोडे उंचवटे असतातच, पण एवढे म्हणजे खाण्याचे आणि उन्हाचे हाल झालेत." हे कासव गवत-पाला खाणारे. हरळी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेला फड्या निवडुंग हे त्याचे पक्वान्न. दूध त्याला पचतच नाही, आणि पोळी हे त्याच्या पोटाला ओझे. कवचाला चुना लागतो, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस त्याच्यापुढे ठेवावा. आणि तो चुना अंगी लागायला ऊन हवे. खिडकीच्या काचेतून आलेले चालत नाही, प्रत्यक्ष अंगावर पडलेले हवे. एकोणीस वर्षे न्हाणीघरात राहिलेल्या जिवाला ऊन कुठले मिळणार?

"आणि सर," ती म्हणाली, "हा बाजीराव नाही. पोट पाहा, सपाट आहे. नराचे पोट खोलगट असते. ही मादी आहे."

म्हणजे एकोणीस वर्षे ज्याला आम्ही बाजीराव म्हणत होतो ती काशीबाई निघाली. मी हसलो. पण ती हसली नाही. तिने दार लोटून घेतले आणि खालच्या आवाजात विचारले, "सर, हे तारा कासव आहे. पाठीवरच्या पिवळ्या रेषा पाहिल्यात ना, चांदणीसारख्या? हे घरात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण दिलेले आहे. गुजरात-राजस्थानचा कोरडा मुलूख, दक्षिणेकडचा आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूचा काही भाग आणि श्रीलंका हे त्याचे घर. तिथून ती पिल्ले पिशव्या भरभरून गोळा होतात, मोज्यांत आणि डब्यांत कोंबून परदेशी धाडली जातात, आणि काही आपल्या शहरांत हौसेला विकली जातात. हा व्यापार इतका वाढला की, २०१९ साली जिनिव्हाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घालावे लागले. पैसे देऊन आणले म्हणून ते आपले होत नाही. कायद्याविरुद्ध कोंडून ठेवलेला असा प्राणी सरकारची मालमत्ता समजली जाते, आणि ज्याच्या ताब्यात तो येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांत कळवावे, असे कलम आहे.

आता माझी अडचण ध्यानात घ्या. त्या खोलीत शिरेपर्यंत मी अज्ञानी होतो. बाहेर पडताना नव्हतो. एका हातात औषधाची चिठ्ठी, दुसऱ्या हातात बहिणीची ठेव. आणि ती ठेव तिची नव्हतीच, असे आता कळलेले.

रात्री मी कॅनडाला फोन लावला. तिथे सकाळ होती. सगळे सांगितले. ताई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "एकोणीस वर्षांत गुन्हा झाला नाही, तो तुझ्या हातात देताच झाला होय रे?"

मी म्हटले, "गुन्हा तेव्हाही होता, ताई. आपल्याला ठाऊक नव्हता."

"मग अजूनही ठाऊक नाही असे समज. मी आल्यावर बघू. माझी ठेव आहे ती. तुला सांभाळायला दिली, वाटायला नाही."

मी म्हटले, "मी उद्या वनखात्याला कळवणार आहे."

तिने फोन ठेवला. आमच्या घरात भावाबहिणींत असा फोन आजवर कुणी ठेवलेला नव्हता. मी रात्रभर जागा होतो. माझ्या मनात जी उलटसुलट चालली होती ती आपल्यापुढे मांडतो, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. एक मन म्हणे, सहा महिन्यांचा तर प्रश्न. बहीण वडील आहे, वस्तू तिची, निर्णय तिचा. कायदा काय, न्हाणीघरात डोकावायला येतो थोडाच? दुसरे मन म्हणे, तू मुलांना ठेवीचा अर्थ शिकवलास. ठेव सांभाळायची ती ठेवणाऱ्यासाठी, हे खरे. पण ठेव जर जिवंत असेल, तर तिचेही काही म्हणणे असते की नाही? त्या कागदावर ताईचे म्हणणे होते. कासवाचे म्हणणे त्याच्या पाठीवर लिहिलेले होते. एकोणीस वर्षे कुणी वाचले नाही, एवढेच.

पहाटे चारला फोन वाजला. ताईच होती. आवाज रडून बसलेला. म्हणाली, "नेऊन देण्याच्या आधी एकदा फोन त्याच्याजवळ धर."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो जमिनीवर ठेवला. कासव आता टबात नव्हते. सुक्या गोणपाटावर कोपऱ्यात होते. ताईने तिथून हाक मारली, "बाजीराव, ये रे, भाजी निवडायचीय." त्याने मान बाहेर काढली. दोन पावले टाकली आणि थांबले. त्याला आवाज ओळखू आला की फोनच्या थरथरीने ते हलले, हे मी छातीठोकपणे सांगत नाही. कासवाला बाहेरचा कान नसतो. खालच्या पट्टीतले आवाज आणि जमिनीतून येणारी थरथर त्याला कळते. मी एवढेच म्हणतो की, वीस दिवसांत माझ्या हाकेला ते एकदाही हलले नव्हते.

"आला का?" ताईने विचारले.

"आला," मी म्हटले. "आणि ताई, डॉक्टर म्हणतात, बाजीराव बाई आहे."

थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "म्हणूनच एवढी समजूतदार."

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या कचेरीत गेलो, लेखी हकिगत दिली. माणसे आली, पंचनामा झाला, आणि बाजीराव एका प्राणी-उपचार केंद्रात रवाना झाला. मला कुणी टाकून बोलले नाही. मी स्वतःहून आलो याची नोंद झाली. पण ताईचा फोन तीन आठवडे आला नाही.

त्या रिकाम्या तीन आठवड्यांत माझ्या एका प्राध्यापक मित्राने मला एक इंग्रजी पुस्तक आणून दिले. म्हणाला, "तुझ्या दुःखाला जोडीदार आहे." पुस्तक गिल्बर्ट व्हाइट यांचे. हे गृहस्थ अठराव्या शतकात इंग्लंडात हॅम्पशर परगण्यातल्या सेलबोर्न नावाच्या खेड्यात धर्मोपदेशक होते. लग्न केले नाही. गाव सोडून फारसे गेले नाहीत. आयुष्यभर गावातले पक्षी, किडे, झाडे, पाऊस यांची टिपणे ठेवली, आणि स्नेह्यांना पत्रे लिहिली. त्या पत्रांचे पुस्तक १७८९ च्या सालाचे. तेव्हापासून आजवर ते कधी विस्मृतीत गेलेले नाही. आणि या थोर निसर्गनिरीक्षकाच्या आयुष्यात एक कासव होते. कुणाचे? त्याच्या आत्याचे!

ही आत्या ससेक्स परगण्यात रिंगमर गावी राहत असे. तिच्या यजमानांनी १७४० च्या सुमारास एका खलाशाकडून अडीच शिलिंगांना हे कासव घेतले होते. भिंतींनी वेढलेल्या लहानशा अंगणात ते चाळीस वर्षे राहिले. व्हाइट आत्याकडे गेला की तासन् तास त्याच्याकडे पाहत बसे. नोव्हेंबरच्या मध्याला ते जमीन उकरून आत झोपी जाते आणि एप्रिलच्या मध्याला बाहेर येते. भरल्या गाडीचे चाक अंगावरून गेले तरी सोसेल असे कवच असून पावसाच्या थेंबाला मात्र ठेवणीतला पोशाख केलेल्या बाईसारखे भिते. अशी त्याची निरीक्षणे आहेत. आणि एक निरीक्षण वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. जी वृद्ध आत्या तीस वर्षे त्याला खाऊ घालीत होती, ती दिसली की ते लगबगीने तिच्याकडे जाई. परक्या माणसाकडे ढुंकूनही पाहत नसे.

१७८० च्या मार्च महिन्यात आत्या वारली. भाच्याने घरदार, दागिने यांचे काय केले ते मला ठाऊक नाही. पण झोपी गेलेले कासव त्याने जमिनीतून उकरून काढले, मातीने भरलेल्या पेटीत ठेवले, आणि घोड्याच्या गाडीतून ऐंशी मैलांचा प्रवास करून सेलबोर्नला आणले. प्रवासाच्या धक्क्यांनी ते जागे झाले, बागेत दोनदा खालपर्यंत चालून गेले, आणि संध्याकाळी पुन्हा मातीत शिरले. पुढे व्हाइटने त्याचे वजन करून पाहिले. साधारण तीन किलो भरे. कर्णा लावून त्याच्यापाशी ओरडून पाहिले. त्याने दाद दिली नाही. आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याने काय करावे? ते पोहते का हे पाहण्यासाठी त्याला पाण्याच्या टबात सोडले! ते तळाशी गेले आणि घाबरून तळावरच चालू लागले. हे वाचून मला केवढा दिलासा मिळाला म्हणून सांगू! एवढ्या मोठ्या निसर्गपंडितानेही कासव टबात घातले होते. फरक इतकाच की, त्याला एका दिवसात कळले. आम्हाला एकोणीस वर्षे लागली.

१७८४ साली ते कासव बागेच्या फाटकातून निसटले. आठ दिवस शोधाशोध चालली आणि शेवटी ते जवळच्या शेंगांच्या शेतात सापडले. उन्हाळ्यात ते पहाटेपासून चुळबुळ करीत हिंडते, त्याअर्थी त्याला जोडीदारिणीची ओढ असावी, असा व्हाइटचा तर्क होता. त्याचे नावही टिमथी असे पुरुषी होते. १७९३ च्या जून महिन्यात व्हाइट वारला. पुढच्या वसंत ऋतूत कासवही गेले. कवच जपून ठेवले गेले. ते आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. पुढे तज्ज्ञांनी ते तपासले, आणि काय आढळले? टिमथी मादी होती. चोपन्न वर्षे माणसांत काढून, एवढ्या साक्षेपी माणसाच्या डोळ्यांखाली राहून, तिच्याविषयी ही पहिली गोष्टदेखील कुणाला कळली नाही.

मी त्या रात्री ताईला फोन केला. तिने उचलला. मी क्षमा मागितली नाही, समर्थनही केले नाही. फक्त त्या आत्याची आणि कासवाची हकिगत सांगितली. ते आत्याला ओळखत असे, हे सांगितले तेव्हा ताई म्हणाली, "ओळखतातच. मला कुणी पुस्तकातून सांगायला नको." मग टिमथी मादी होती हे सांगितल्यावर मोठ्याने हसली. त्यानंतर म्हणाली, "पण कशासाठी रे ते पळून गेले होते, एवढी माया असताना?"

या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. तिनेच थोड्या वेळाने दिले. म्हणाली, "माझा टबाला नखे घासायचा. मला वाटायचे, मला बोलावतोय. कदाचित बाहेर पडायचे असेल."

मंडळी, आपली परंपरा कासवाला फार मानते. विष्णूचा दुसरा अवतार कूर्म. समुद्रमंथनात मंदराचल त्याच्याच पाठीवर उभा राहिला. देवळात शिरताना गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि त्याला नमस्कार करून आपण पुढे जातो. आपल्या संतांनी कूर्मदृष्टीचा दृष्टान्त दिला आहे. कासवी दुरून नुसत्या नजरेने पिल्लांचे पोषण करते, तशी देवाची भक्तावर नजर असते. दृष्टान्त म्हणून तो अमोल आहे आणि तसाच राहील. पण प्रत्यक्षातली कासवी मातीत खड्डा करून अंडी घालते, वरून माती लोटते आणि निघून जाते. काही महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात ती एकटीच. नजर ठेवणारे तिथे कुणी नसते. तेव्हा ही कूर्मदृष्टी कुणी ठेवायची? मला वाटते, ती आता माणसाने ठेवायची आहे: दुरून, आणि हात न लावता.

हे निव्वळ बोलणे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर रात्री समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी उकरून खाल्ली जात, विकली जात. २००२ सालापासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. आज तिथे लोक पहाटे उठून वाळूतून निघालेली पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला जातात. त्यांना कुणी घरी नेत नाही. ती लाटेत शिरतात, दिसेनाशी होतात, आणि पाहणारा हात जोडून परत फिरतो. याला मी कूर्मदृष्टी म्हणतो.

जाता जाता तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो; घरी गेल्यावर त्याच उपयोगी पडतील. पहिली, तारा कासव किंवा आपल्या नद्यांतले, रानांतले कुठलेही कासव विकत घेऊ नका. घरात ठेवल्याने धनलाभ होतो असे कुणी सांगितले तरी घेऊ नका. लाभ फक्त विकणाऱ्याला होतो. दुसरी, कुणाच्या घरी असे कासव असेल तर त्याची चोरटी विल्हेवाट लावू नका. पुण्य म्हणून देवळाच्या तळ्यात, विहिरीत सोडू नका. जमिनीवरचे कासव तिथे बुडून मरते. टेकडीवरही सोडू नका. आपल्या टेकड्या त्याचे घर नव्हेत, आणि माणसांत वाढलेला प्राणी आपले रोग रानातल्या प्राण्यांना देऊ शकतो. वनखात्याला कळवा; पुढचे त्यांना ठरवू द्या. तिसरी गोष्ट, कुणाचाही प्राणी सांभाळायला घ्याल, मग तो कुत्रा असो, मांजर असो की पोपट, तेव्हा धन्याने दिलेला कागद जरूर पाळा. पण एकदा प्राण्याकडेही पाहा. धन्याला जे एकोणीस वर्षांच्या सवयीने दिसत नाही ते तुम्हाला नवेपणाने दिसण्याचा संभव असतो. त्यासाठीच कदाचित ते तुमच्याकडे आलेले असते.

ताई आणि मेहुणे गेल्या महिन्यात परत आले. मी किल्ल्या दिल्या, पासबुके दिली, बिलांची वही दिली. तुळस जिवंत होती. ताईने सगळे मोजून घेतले आणि म्हणाली, "एक ठेव तू परत केली नाहीस." मी म्हटले, "नाही केली." ते तिने मान्य केले आहे का, हे मी अजून विचारलेले नाही आणि विचारणार नाही. काही गोष्टी भावाबहिणींत तशाच राहू द्याव्यात.

परवा तिच्याकडे गेलो होतो. निळा टब न्हाणीघरात नव्हता. बाल्कनीत उन्हाला ठेवला होता, त्याला खाली भोके पाडली होती, माती भरली होती आणि त्यात जास्वंद लावली होती. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "त्या केंद्रात फुले स्वीकारतात का, जरा चौकशी कर."

चौकशी चालू आहे.